धाकट्या भारापलीकडे एक हात

पिंपरी गाव,
ता. १ जुलै १९५६

चि. इंदूस दादाचा आशीर्वाद.

मावशीकडून टाकलेलं तुझं कार्ड मिळालं. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि वर म्हणाले, पोरीचं अक्षर बिघडलं. तुला पुण्याच्या हॉस्टेलवर न ठेवता कोल्हापूरला धाडली ते त्यांच्याच हट्टानं, आणि आता घर सुनं झालं म्हणून कुरकुरतात तेही तेच.

इकडची खबर अशी. आमच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात बायकांची भरती निघाली आहे. भरलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, खोक्यात रचायच्या, असलं बसून करायचं काम. मी आपला जेवताना सहज बोलून गेलो. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. आबा उठून गेल्यावर दाराआडून म्हणाल्या, "भावजी, मामंजींना विचारता का, मी जाऊ का म्हणून?"

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी आबांना एक शब्द थेट विचारलेला नाही. आधी हिंदुरावदादा बायकोचा निरोप्या होता, तो वारल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी नसलो की त्या चार वर्षांच्या गोजाला पुढं करतात, "आजोबांना विचार, ताक हवंय का."

तर मी विचारलं. आबा म्हणाले, "थोरल्याची बायकू चाकरीला गेली तर लोक म्हनतील, म्हाताऱ्याच्या घरात खायाला न्हाई." मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, लोकांचं लोक बघतील, मला माझ्या पोरीचं बघायचं आहे, उद्या कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ तिच्यावर यायला नको. हे मी जरा गोड करून आबांना सांगितलं. आणखी एक गोष्ट त्या बोलल्या, ती मात्र मी आबांपर्यंत नेलीच नाही. हिंदुरावदादाच्या पायाला कुदळ लागून विष चढलं, तेव्हा जे इंजेक्शन वेळेत मिळालं नाही, त्याची बाटली त्यांना एकदा हातात धरून बघायची आहे.

अर्ज ऑगस्टअखेर घेणार आहेत. तोवर माझी अशी ये-जा चालू. मी कुणाचीच बाजू घेत नाही, अगदी मधोमध उभा राहतो, म्हणजे कुणी दुखावायला नको. तू काळजी करू नकोस, अभ्यास कर.

तुझा
मारुतीदादा


कोल्हापूर,
ता. १२ जुलै १९५६

तीर्थस्वरूप दादास इंदूचा नमस्कार.

माझं अक्षर बिघडलं नाही, आबांचा चष्मा बिघडला आहे. त्यांना हे सांगू नकोस. नाहीतर सांगच, गोड करून.

वहिनींचं वाचून रात्रभर बरं वाटलं नाही. मला कॉलेजात घालायला हिंदुरावदादा आबांशी भांडला होता. लेक शिकायला परगावी गेली तर आबांना चालतं, मग सून हाकेच्या अंतरावर कामाला गेली तर काय बिघडतं? तू हे विचारलंस का त्यांना? मला वाटतं विचारलं नसशील.

बरं, माझी फजिती ऐक. वर्गात आम्ही तिघी मुली, बाकी सगळी मुलं, आणि सरांनी नेमकं मलाच फळ्यापाशी बोलावलं. गणित असं. दोन विद्युतभार एकमेकांपासून हातभर अंतरावर पक्के बसवले आहेत. एक धन, एक ऋण. धन मोठा, ऋणाच्या चौपट. आता तिसरा एक बारका ऋण भार आणला, तर तो कुठं ठेवला म्हणजे कुठंही न ओढला जाता जागच्या जागी राहील? धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, ऋण-ऋण एकमेकांना लोटतात, एवढं तर तू वायरमन, तुला माहीत असणारच.

मी खडू घेतला आणि तो भार दोघांच्या मध्ये ठेवून दिला. मोठा आहे म्हणून त्याच्यापासून थोडा लांब, एवढी अक्कल दाखवली. सर म्हणाले, मोठा याला कुठं नेतो? मी म्हटलं, ओढून आपल्याकडे. म्हणाले, आणि धाकटा? मी म्हटलं, लोटून... आणि तिथंच माझी जीभ अडली. कारण धाकट्यानं लोटलं की तोही मोठ्याकडेच जाणार. मागच्या बाकावरची मुलं खो खो हसली. मी चिडून म्हटलं, मग याला जगात कुठं जागाच नाही. सर म्हणाले, आहे, घरी जाऊन शोधा.

अजून सापडलेली नाही. तुला सापडली तर कळव, माझी लाज राख.

तुझी
इंदू


पिंपरी गाव,
ता. ५ ऑगस्ट १९५६

चि. इंदूस आशीर्वाद.

तुझं गणित मी डबा खाताना कागदावर मांडून बघितलं. माझं मत विचारशील तर जागा मध्येच असणार. दोघांत वाद असला की तिसऱ्यानं मध्ये राहावं, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या सरांचं काहीतरी चुकतंय, किंवा तुझं ऐकण्यात.

घरची खबर चांगली आहे. वादळ शमलं म्हण. मी युक्ती केली. वहिनींना म्हटलं, आबांचा राग जरा निवू द्या, दिवाळीपर्यंत धीर धरा, भरती काय पुन्हा निघेल. त्यांनी चार दिवस माझ्या ताटात वाढताना वर बघितलं नाही. मला ते सोसवेना, म्हणून मी संध्याकाळचा घरात कमी आणि आबांपाशी गोठ्यात जास्त बसू लागलो. आबांना म्हटलं, वहिनींनी तो नाद सोडला. आबा इतके खूश झाले की म्हणाले, "मारुती, तू हायेस म्हनून घर हाय." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दादा गेल्यापासून त्यांनी असा हात फिरवला नव्हता.

आता घरात शांतता आहे. कुणी कुणाला लागेल असं बोलत नाही. खरं तर कुणी फारसं बोलतच नाही.

मावशीला नमस्कार सांग. पायात चप्पल घालून हिंडत जा.

तुझा
दादा


कोल्हापूर,
ता. ११ ऑगस्ट १९५६

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी रागानं घडी करून ठेवलं, आणि मग गणिताची वही काढली. दादा, मला जागा सापडली. ती मध्ये नाही. सर बरोबर होते, आणि तू आणि मी दोघंही एकाच खड्ड्यात पडलो होतो.

दोघं एकसारखे असते, तर मध्ये उभं राहण्यात अर्थ होता. पण एक धन आणि एक ऋण असले की मधली जागा सगळ्यात वाईट. तिथं दोघं मिळून तिसऱ्याला एकाच बाजूला ढकलतात. तूच बघ तुझं पत्र. आबा पाठीवरून हात फिरवून तुला ओढतात. वहिनी रुसतात, तुला ते सोसत नाही, म्हणून तू आणखी आबांकडे सरकतोस. वहिनींना थांबवलंस ते आबांसाठी. आबांना खोटं सांगितलंस तेही आबांसाठीच. मधोमध उभा आहेस असं तुला वाटतं, पण तू केव्हाच गोठ्यात जाऊन बसला आहेस.

आता खरी जागा सांगते. तिघं एका रेषेत हवे, पण तिसरा बाहेर, धाकट्याच्या पलीकडे. मोठा चौपट असेल आणि दोघांत हातभर अंतर असेल, तर धाकट्याच्या पाठीमागे आणखी एक हात. तिथं मोठा दोन हातांवर जातो. अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो, म्हणून मोठ्याची ओढ आणि जवळच्या धाकट्याचं लोटणं बरोबर सारखं होतं. मोठ्याचा जोर कमी करता येत नाही, दादा, फक्त त्याच्यापासून लांब आणि धाकट्याच्या जवळ जाता येतं.

ऑगस्ट संपायला अजून अवकाश आहे. वहिनींना खरं सांग. लहान तोंडी मोठा घास घेते आहे, रागावलास तर रागाव.

तुझी
इंदू


पिंपरी गाव,
ता. ९ सप्टेंबर १९५६

चि. इंदू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरंच रागावलो होतो. म्हटलं, धाकटी बहीण वहीतलं गणित घेऊन मला घर चालवायला शिकवते. उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं. आता लिहितो आहे, कारण दुसऱ्या कुणाला लिहू?

वहिनी गेल्या. खेडला, माहेरी.

झालं असं, गेल्या सोमवारी आबा ओसरीवर शेजारच्या भैरूअण्णांशी बोलत होते. सून मोठी समजूतदार म्हणाले, कारखान्याचा नाद आपण होऊन सोडला. आत वहिनींनी ऐकलं. तेवढ्यात मी कामावरून आलो. त्या दारापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, मी कधी सोडला?" आबा ऐकत होते, भैरूअण्णा ऐकत होते. मी काय केलं असेल सांग. मी म्हटलं, मी जरा हातपाय धुऊन येतो. परसात गेलो आणि बराच वेळ पाय धूत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. गोजाला घेऊन निघाल्या तर आबा बैलगाडीच्या वाटेत उभे राहिले. मला म्हणाले, "तिला सांग, जायाचं तर जा. हिंदुरावाची पोर या घरातनं जायाची न्हाई." मी सांगितलं, इंदू. ते सुद्धा मीच सांगितलं. माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मेलो असतो तर बरं झालं असतं.

भरतीची मुदतही गेली. गोजा दिवसभर दारात बसते. आबा तिला मांडीवर घेतात, ती उतरून परत दारात. मी भाकरी करतो, ती एका अंगानं जळते आणि दुसऱ्या अंगानं कच्ची राहते. आबा मुकाट्यानं खातात.

काय करू कळव.

दादा


कोल्हापूर,
ता. १२ सप्टेंबर १९५६

दादा,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. खेडला जा. आजच जा.

एकटा जा आणि वहिनींना घेऊन ये. त्यांच्या वडलांशी घोळ घालत बसू नकोस, थेट वहिनींशी बोल. आणि घरी आल्यावर उंबऱ्यात त्यांच्या पुढं उभा राहू नकोस, शेजारीही नको. त्यांच्या मागे राहा. म्हणजे आबा तुझ्याकडे बघतील तेव्हा मध्ये वहिनी दिसल्या पाहिजेत.

सरांना मी पुढचं विचारलं होतं. म्हटलं, तिथं ठेवलेला भार तिथंच टिकतो का? ते म्हणाले, रेषेवर पुढंमागं हलला तर आपोआप परत जागेवर येतो. फार जवळ गेला तर धाकटा लोटतो, फार लांब गेला तर मोठा ओढतो. पण रेषा सोडून बाजूला सरकला, की गेला. मग कुणी परत आणत नाही. दादा, तुझी तीच खोड आहे. तू मागं हटत नाहीस, तू बाजूला होतोस. हातपाय धुवायला जातोस.

तू म्हणशील, आबांपुढं मी केवढा. मीही सरांना तेच विचारलं, तिसरा भार लहान की मोठा यानं जागा बदलते का? म्हणाले, मुळीच नाही. राईएवढा असला तरी जागा तीच. तेव्हा ती सबबही नको.

आबांवर फार रागावू नकोस. तुला आठवतं का, हिंदुरावदादाला पुण्याला नेताना ते उंबऱ्यातच उभे होते. गाडीत बसले नाहीत, म्हणाले, संध्याकाळी येईलच की. तेव्हापासून घरातलं माणूस बाहेर निघालं की त्यांचा जीव असा होतो. लोक काय म्हणतील हे ते वरवर म्हणतात. मला कोल्हापूरला सोडायला आले, तेव्हा मावशीच्या दारात किती वेळ रेंगाळले ते मी बघितलं आहे.

गोजाला माझ्याकडून गूळ दे.

इंदू


पिंपरी गाव,
ता. २८ ऑक्टोबर १९५६

चि. इंदूस दादाचा खूप खूप आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही पक्कं होत नव्हतं. आता ऐक.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खेडला गेलो. वहिनी गोठ्यात शेण काढत होत्या. मी म्हटलं, वहिनी, तुमचा निरोप मी आबांना कधी खरा सांगितलाच नाही, आता तुमच्यासमोर सांगतो, चला. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, गोजा जेवते का? मी म्हटलं, नाही. त्या तशाच उठल्या.

घरी आलो तेव्हा आबा ओसरीवरच होते. गोजा धावत येऊन आईला चिकटली. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आनलीस? बरं केलंस. हिकडं ये, बस." आणि बाजेवर शेजारी जागा केली. इंदू, तो एक क्षण फार अवघड होता. माझे पाय आपोआप निघाले होते. मी ते रोवले आणि वहिनींच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, "आबा, वहिनींनी नाद सोडलेला नाही. मी माझ्या मनानं तुम्हाला तसं सांगितलं होतं. पुढची भरती निघाली की त्या जाणार आणि मी त्यांच्याबरोबर जाणार." आणि मग दादाच्या बाटलीचं सांगितलं, जे मी गिळून बसलो होतो. ते अजिबात गोड केलं नाही.

आबा उठले आणि मळ्याकडे गेले. अंधार पडल्यावर आले, न जेवता निजले. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी अबोला. मी पाणी दिलं तर तांब्या बाजूला ठेवायचे आणि गोजाकडून दुसरा मागवायचे. तू म्हणालीस तसं झालं. कधी मला आबांची इतकी कीव यायची की वाटायचं, जाऊन पाय धरावेत. मग वहिनी एवढंच म्हणायच्या, भावजी, डबा विसरलात. की मी पुन्हा जागेवर. एकदा वहिनीच माझ्यावर करवादल्या, सारखं मागे मागे करू नका, मी काही पळून जात नाही. तेव्हा जरा लांब राहिलो. बाजूला मात्र झालो नाही.

दसऱ्याआधी भरती निघाली. वहिनींना घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी ती भरलेली बाटली हातात धरली, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, अहो, चिठ्ठी लावा की, बघताय काय. वहिनींनी डोळे पुसले आणि चिठ्ठी लावली. हे त्यांनीच मला परत येताना सांगितलं.

गोजा दिवसभर आबांपाशी असते. सांभाळतात. पण अजून सगळे निरोप माझ्यामार्फतच. "तिला इचार, कवा येनार." "भावजी, मामंजींना सांगा, अंधाराच्या आत." असं तीन पावलांवरून.

परीक्षा कधी आहे?

तुझा
दादा


कोल्हापूर,
ता. ४ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

पत्र वाचून मी मावशीच्या स्वयंपाकघरात एकटीच रडले आणि मग मावशीला वाचून दाखवलं, तर तीही रडली. कांदा चिरत होतो असं काकांना सांगितलं.

परीक्षेचं विचारू नकोस, मला धडकी भरते. त्या गणिताचा शेवटचा भाग तेवढा सांगते. सरांनी विचारलं, दोन्ही भार सारख्याच जोराचे झाले तर तिसऱ्याची जागा कुठं? मी मांडत गेले तर ती जागा लांब लांबच पळते. शेवटी कळलं की जवळपास कुठंच नाही. धाकटा मोठ्याच्या तोडीचा झाला की तिसऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही.

यावेळी फळ्यापाशी मुलं हसली नाहीत. पण मला तुझी आठवण आली आणि थोडं वाईट वाटलं.

तुझी
इंदू


पिंपरी गाव,
ता. २ डिसेंबर १९५६

चि. इंदूस आशीर्वाद.

तुझं शेवटचं गणित मला तेव्हा समजलं नव्हतं. काल समजलं.

सकाळी आम्ही निघण्याच्या बेतात होतो. वहिनी उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर, मी त्यांच्या मागे दोघांचे डबे घेऊन. आबा ओसरीवर गोजाची वेणी घालत बसले होते. कसली घालतात, नुसता दोरखंड वळतात. रोजच्यासारखं मान न वळवता म्हणाले, "मारुती, तिला इचार, कवा येनार."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी वहिनी बोलल्या. आवाज जरा कापत होता, पण मोठा होता.

"मामंजी, संध्याकाळचा भोंगा झाला की येते. गोजाला तोवर दूधभाकरी कुस्करून द्या."

मला वाटलं, आता काय होतं देव जाणे. आबांचे हात वेणीतच थांबले. मग आबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. थेट बघितलं, इंदू. त्या आपल्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"साखर घालू का गूळ?"

"गूळ," वहिनी म्हणाल्या.

"बरं. भोंग्यापातुर वाट बघतो. फुडं उशीर करू नगंस."

"नाही करणार."

एवढंच. वहिनी उंबरा ओलांडून चालायला लागल्या. मी दोन डबे घेऊन दारात तसाच. आबा मला म्हणाले, "आता तू का हुभा? जा की, कामाला उशीर हुईल."

खरंच माझं तिथं काही काम नव्हतं. कुणाचा निरोप नव्हता, कुणाला काही गोड करून सांगायचं नव्हतं. लहानपणापासून मी या घरात कुणाच्या ना कुणाच्या मध्ये उभा आहे, आणि काल मला उभं राहायला जागाच उरली नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. रस्ताभर मला शीळ घालावीशी वाटत होती. वहिनी पुढं होत्या म्हणून घातली नाही.

संध्याकाळी भोंगा झाला. आम्ही वळणावर आलो तर आबा गोजाला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत आले होते.

तुझा
दादा